खांब क्रमांक चौदाजवळचा बाक

प्रति,
मा. सिग्ने फॅब्रिशियस,
विभागप्रमुख, रस्ते व शहरी जीवन,
तंत्र विभाग, व्हीडसुंड नगरपालिका,
नगरभवन, दुसरा मजला.

विषय : विणकर रस्त्यावरील दिव्याच्या खांब क्र. १४ जवळचा बाक न काढण्याबाबत. तसेच सदर बाकासमोर मार्चपासून झालेल्या गर्दीसंबंधी कबुली देण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या विभागाची ‘जिवंत विणकर रस्ता’ ही योजना, जानेवारी.
२) आपली सूचना दि. १२ मे, ‘गर्दीच्या ठिकाणचे अडथळे दूर करणे’.
३) सल्लागारांचा अंतिम अहवाल दि. २७ मे, सर्व परिशिष्टांसह. विशेषतः परिशिष्ट सहा, जे आजवर कोणी वाचलेले दिसत नाही.

महोदया,

१. मी खाली सही करणार व्हिलाड्स ब्रोर्सेन, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त घड्याळजी, राहणार डांबर गल्ली क्र. ३, आपणांस सविनय अर्ज सादर करतो. आपल्या गावात सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, आणि आपणही मला मासळीच्या गाडीपाशी “काय रे व्हिलाड्स, घड्याळं थांबली का सगळी?” असे विचारता, हे मी विसरलेलो नाही. परंतु अर्ज हा अर्ज असतो. सबब आजच्यापुरते आपणांस ‘आपण’ म्हणत आहे. मासळीच्या गाडीपाशी पुन्हा पूर्ववत. हरकती नोंदवण्यासाठी आपल्या संकेतस्थळावर जी चौकट दिली आहे, तीत पाचशे अक्षरे मावतात. माझी पाचशे अक्षरे विषय आणि संदर्भातच संपली, म्हणून कागद वापरला आहे. हरकतींची मुदत उद्या, दहा तारखेला दुपारी बारा वाजता संपते, याची मला जाणीव आहे. नगरभवनावरचे घड्याळ चार मिनिटे पुढे आहे, याचीही आहे.

२. प्रथम बाकाविषयी. माझी पत्नी गुद्रुन हिचा डावा खुबा गेली सहा वर्षे कुरकुरत आहे. डॉक्टरांचे म्हणणे असे की तिने रोज चाललेच पाहिजे, आणि मधे बसलेच पाहिजे. दोनशे मीटर झाले की पाय पुढे येत नाही. दहा-बारा मिनिटे बसली की पुन्हा येतो. आमच्या दारापासून खांब क्र. १४ चा बाक एकशे नव्वद मीटरवर आहे. तिथून बेकरी आणखी साठ मीटर, खांब क्र. १९ पाशी. येताना बेकरीच्या मागून आमच्या गल्लीकडे बस मिळते. जाताना मिळत नाही, कारण ती बस एकाच दिशेने गोल फिरते, हा निर्णय आपल्याच मजल्यावर झालेला आहे. तात्पर्य, तो बाक आहे तोवर माझी बायको रोज सकाळी आपल्या पायांनी बेकरीत जाऊन खसखस लावलेले चार पाव आणते. बाक गेला की ती डांबर गल्लीत राहील. मी एकदा म्हटले होते, “मी आणत जाईन पाव, त्यात काय एवढं.” त्यावर ती म्हणाली, “तू घड्याळं बघ. पाव माझे आहेत.” हात धरून नेण्याचा विषय मी काढला नाही. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात माणूस काही गोष्टी शिकतो.

३. सदर बाक दिसायला साधा आहे, परंतु ज्या कोणी तो तिथे ठेवला त्याला रस्ता कळत होता. पाठीला लोकरीच्या दुकानाची भिंत, समोर बेकरीच्या दारापर्यंतचा रस्ता, डावीकडे मासळीची गाडी, आणि सकाळी दहापासून ऊन. पाठीमागे भिंत आणि पुढ्यात येणारी-जाणारी माणसे असली की माणूस निर्धास्त बसतो, आणि एक बसला की चौघे थांबून बोलतात. चौघे थांबले की दोघांना आठवते की लोकर संपली आहे. हे मी चाळीस वर्षे दुकानाच्या काचेआडून पाहिलेले आहे. याउलट योजनेच्या पूर्वतयारीत गेल्या शरदात रस्त्याचे जुने दगड काढून गुळगुळीत फरशी बसवण्यात आली, इतर सहा बाक उचलण्यात आले, आणि चौकाच्या मधोमध एक गोल बाक करण्यात आला. त्याला पाठ नाही, बसणाऱ्याचे तोंड बाहेर आणि वारा थेट खाडीवरून. त्यावर आजवर मी बसलेला पाहिलेला एकमेव रहिवासी म्हणजे एक समुद्रपक्षी, आणि तोही अस्वस्थ होता. उचललेल्या बाकांच्या जागी भिंतीला तिरक्या पट्ट्या लावल्या आहेत, ज्यांवर बसायचे नसून पार्श्वभाग टेकायचा असतो. पट्टीची उंची ब्याऐंशी सेंटीमीटर. गुद्रुनची एकशे बावन्न. ती पट्टीपाशी उभी राहिली असता म्हणाली, “हे मला टेकायला आहे की लटकायला?”

४. जानेवारीत खांब क्र. १४ आणि १९ वर माणसे मोजण्याची यंत्रे बसली, आणि बेकरीपलीकडे तो चार चेहऱ्यांचा खांब आला, ज्यावर जाता-येता आपले समाधान बोटाने दाबायचे असते : गडद हिरवा हसरा, फिकट हिरवा, पिवळा आणि लाल रडका. योजनेत लिहिले होते की ज्या टप्प्यात रोज सरासरी नऊशेपेक्षा कमी पादचारी जातात तो टप्पा ‘निष्क्रिय’ समजून तेथील बसण्याची साधने काढण्यात येतील, कारण ती माणसांना थांबवून ठेवतात. आमच्या खांबाचा आकडा निघाला सहाशे अकरा.

५. त्यावर एका सकाळी ग्रंथालयात, जिथल्या खिडकीतून सदर बाक दिसतो, नागरिकांची सभा झाली. आपण स्वतः हजर होता, तरीही अभिलेखासाठी नमूद करतो. सल्लागार संस्थेचे श्री. माल्थे यांनी पडद्यावर निळे-तांबडे ठिपके दाखवून सांगितले, “बसणं ही क्रिया नाही. बसणं म्हणजे क्रियेचा अभाव.”

त्यावर निवृत्त शिक्षिका टोवे हाल्द यांनी विचारले, “मग तू आत्ता काय करतोयस?”

श्री. माल्थे खुर्चीत होते. ते उठले.

नंतर टोवेबाई आपणांस उद्देशून म्हणाल्या, “सिग्ने, तिसरीत होतीस तेव्हापासून तुला खिडकीबाहेर बघायची सवय. मी रागवायचे. आज मीच सांगते, बघ. ती बाई दिसतेय ना बाकावर? काय करतेय ती?”

आपण म्हणालात, “बसलीय.”

“नाही. ती बेकरीत चाललीय.”

सभेच्या इतिवृत्तात या ठिकाणी ‘हशा’ असे लिहिले आहे. हशा झाला हे खरे, पण टोवेबाई हसल्या नव्हत्या.

६. यापुढील मजकूर हा कबुलीजबाब समजावा. तीन मार्च रोजी बेकरीच्या मागच्या खोलीत मी, टोवेबाई आणि प्रेबेन स्क्यूटे असे तिघे दालचिनी घालून गुंडाळलेल्या पावाची वळी खात बसलो असता निष्कर्ष निघाला की यंत्राला माणसे हवी असतील तर आपणच जावे-यावे. प्रेबेन हे फेरीबोटीवर तिकिटे तपासत असत. मोजण्याची त्यांना सवय आहे. एवढ्यावर थांबलो असतो तर आज हा अर्ज लिहावा लागला नसता. परंतु आपल्याकडे तीन माणसे एका कामासाठी एकत्र आली की संस्था स्थापन केल्याशिवाय त्यांना काही करता येत नाही. अर्ध्या तासात ‘विणकर रस्ता ये-जा मंडळ’ अस्तित्वात आले. टोवेबाई अध्यक्ष, प्रेबेन सचिव, मी सभासद, आणि गुद्रुन, जी त्या वेळी पाव निवडत होती, तिला तिच्या गैरहजेरीत पर्यायी सभासद म्हणून निवडण्यात आले. घटना लिहिली. कलम चार : ‘मंडळ रविवार सोडून रोज चालेल.’ कलम अकरा : ‘मंडळाचे चालणे बंद करावयाचे झाल्यास तसा ठराव लागोपाठच्या दोन सर्वसाधारण सभांत, मधे किमान चौदा दिवस ठेवून, दोन तृतीयांश मतांनी मंजूर व्हावा.’ हे अकरावे कलम प्रेबेन यांनी त्यांच्या कबुतरपालकांच्या संस्थेच्या घटनेतून जसेच्या तसे घेतले. त्या वेळी आम्हांला ते भारदस्त वाटले.

७. लपवाछपवीचा आरोप मात्र मंडळ नाकारते. आम्ही रीतसर तिसऱ्या मजल्यावरील संस्कृती विभागाकडे मदतीसाठी अर्ज केला. ‘संस्थेचा उद्देश’ या रकान्यात टोवेबाईंनी सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : ‘खांब क्र. १४ च्या यंत्राखालून शक्य तितक्या वेळा जाणे.’ तिसऱ्या मजल्याने ‘उद्देश स्पष्ट व आरोग्यदायी आहे’ असा शेरा मारून आम्हांला नगरपालिकेचे बोधचिन्ह असलेली बारा पिवळी जाकिटे दिली आणि एप्रिलमध्ये आमची ‘महिन्याची संस्था’ म्हणून निवड केली. आमच्या सभांची इतिवृत्ते ग्रंथालयाच्या फलकावर लागत होती. आपणांस काही कळले नाही यात आमचा दोष तो कोणता? दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमध्ये चौदा पायऱ्या आहेत. मी मोजल्या आहेत.

८. कार्यपद्धती अशी होती. प्रत्येकाने रोज अठ्ठेचाळीस फेऱ्या घालायच्या. फेरीत एकदा जाणे, एकदा येणे. गोंधळ नको म्हणून बेकरीतल्यासारखे क्रमांकाचे चिटोरे घेऊन आपला क्रमांक आला की निघायचे. तिघांच्या मिळून दोनशे अठ्ठ्याऐंशी नोंदी, पर्यायी सभासदाची रोजची एक धरून दोनशे एकोणनव्वद. पंधरा दिवसांनी ग्रंथालयाच्या फलकावर आपला नवा आकडा लागला. सरासरी : आठशे नव्याण्णव.

प्रेबेन फलकाला नाक लावून उभे राहिले. “एक!” ते म्हणाले. “एक कमी!”

“माझा हिशेब बरोबर होता,” टोवेबाई म्हणाल्या. “सहाशे अकरा बाकीचे, आणि दोनशे एकोणनव्वद आपण. तुझी एक फेरी कुठे तरी अर्धी राहिलीय.”

“माझी? मी बत्तीस वर्षं बोटीवर माणसं मोजलीत टोवे, एकही पाण्यात पडला नाही!”

“मग हा एक कुठे पडला?”

त्या दिवशी दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीने ठरवले की पुन्हा अशी नामुष्की नको, सभासद वाढवावेत. त्या एकाविषयी मी अर्जाच्या शेवटी पुन्हा निवेदन करणार आहे. तूर्त कृपया तो लक्षात ठेवावा.

९. सभासद वाढले. ते कसे थांबवायचे हे कोणत्याही कलमात नव्हते. चर्चच्या समूहगायकांच्या सभागृहाचे छत दुरुस्तीला काढले होते. ते बावीस जण आले आणि चालता चालता सराव करू लागले. हिवाळी स्नान मंडळाचे लोक खाडीतून निघून अंगावर नुसते झगे पांघरून ओल्या पायांनी येऊ लागले, कारण चालल्याने ऊब येते. बालवाडीच्या बाईंनी बाबागाड्या आणल्या. बाळे आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे दुकानांबाहेर झोपलेली असत, ती आता ढकलत नेली जाऊ लागली. जाकिटे बाराच असल्याने त्यांच्यासाठी वेगळे चिटोरे काढावे लागले. मे महिन्यात सभासदसंख्या एकसष्ट आणि आपल्या यंत्राचा आकडा दोन हजार तीनशे दहा झाला. आम्ही बेकरीत झेंडा उभारला आणि कॉफी प्यायलो.

१०. बारा मे रोजी आपली सूचना आली. योजनेच्या बाराव्या पानावर असे होते की ज्या टप्प्यात रोज दोन हजारांहून अधिक पादचारी जातात तो ‘कोंडीचा टप्पा’ समजून माणसांचा ओघ मोकळा करण्यासाठी तेथील सर्व स्थिर वस्तू हलवण्यात येतील. स्थिर वस्तू एकच होती. आम्ही योजना नवव्या पानापर्यंत वाचली होती. म्हणजे नऊशेच्या खाली गेलो तरी बाक जातो, दोन हजारांच्या वर गेलो तरी बाक जातो, आणि मधे जी भरपूर जागा होती तिच्यातून आमचे मंडळ गात गात, झगे सावरत पुढे निघून गेले.

११. समाधानाविषयीही खुलासा करणे प्राप्त आहे. जानेवारीत शंभरांतल्या एकाहत्तर जणांनी हिरवे चेहरे दाबले होते, मे महिन्यात चौतीसच. यावरून श्री. माल्थे यांनी अनुमान काढले की लोक गर्दीने त्रासले आहेत, सबब बाक काढणे अधिकच निकडीचे आहे. वस्तुस्थिती अशी की अठ्ठेचाळीस फेऱ्यांनंतर आमचे पाय दुखत असत. यंत्राखालून विनाकारण जाणे ही एक गोष्ट झाली. परंतु समाधान आहे का असे कोणी विचारल्यावर खोटे उत्तर देणे आमच्यापैकी कोणाला जमले नाही. प्रेबेन तर लाल चेहरा अंगठ्याने दाबत. या कामी ज्यांना खरोखर समाधान होते त्या व्यक्ती बाकावर बसलेल्या होत्या, आणि चेहऱ्यांचा खांब त्यांच्यापासून ऐंशी मीटर लांब होता. बसून समाधान पावलेल्या माणसाने ते कळवण्यासाठी उठून ऐंशी मीटर जावे अशी आपली अपेक्षा असेल, तर तिथे पोचेपर्यंत त्याचे मत बदललेले असणार. जाता जाता, अहवालाच्या मुखपृष्ठावर ‘रस्ता जिवंत होतो आहे’ या शीर्षकाखाली जे छायाचित्र आहे, त्यातील पिवळ्या जाकिटातल्या बाई या टोवे हाल्द असून त्या हसत नाहीत, बुटातला खडा काढत आहेत.

१२. चूक ध्यानात येताच आम्ही चालणे बंद का केले नाही, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. कलम अकरा. दोन जून रोजी पहिली सर्वसाधारण सभा घेतली. रिवाजाप्रमाणे आधी गाणे झाले. समूहगायकांमुळे ते चारही कडव्यांचे झाले. मग सभाध्यक्षांची निवड, मग कॉफी, मग ठराव. त्रेचाळीस हजर.

प्रेबेन म्हणाले, “उद्यापासून थांबू या. सरळ घरी बसायचं. कोण विचारतंय?”

“कलम चार विचारतंय,” टोवेबाई म्हणाल्या. “नियम पाळायचे नव्हते तर केले कशाला?”

“तूच म्हणालीस कर म्हणून!”

“अक्षर तुझं आहे.”

गायकांचे प्रमुख म्हणाले की आताच कुठे पावलांचा ठेका बसला आहे. स्नान मंडळाच्या एका बाईंनी विचारले की झगे धुवायला टाकले असतील तर फेरी माफ होते का. शेवटी बंद करण्याच्या बाजूने एकोणतीस, विरुद्ध चौदा. ठराव एका मताने तरला. पुढची सभा कायद्याने सोळा जूनला. तोपर्यंत घटना सांगते की मंडळ रविवार सोडून रोज चालेल, आणि ते चालत आहे. हा परिच्छेद लिहीत असताना माझा क्रमांक एकदा येऊन गेला; फेरी मारून आलो आहे.

१३. विरोधी चौदांत माझी पत्नी होती. पर्यायी सभासदास मताधिकार आहे का यावर बराच वेळ वाद झाला, तो आहे असे ठरले. घरी आल्यावर मी तिला म्हटले, “अगं, बाक वाचावा म्हणून बंद करायचं ठरतंय, आणि तूच विरोधात?” ती म्हणाली, “सहा वर्षं त्या बाकावर एकटी बसत होते. आता दर पाच मिनिटांनी कोणी तरी धापा टाकत येऊन शेजारी बसतं. परवा तर एक जण मला म्हणाला, जरा सरकतेस का. मला! किती दिवसांनी कोणी सरकायला सांगितलं.” याचा सदर अर्जाशी थेट संबंध नाही. तथापि रस्त्याच्या रचनेचा माणसांच्या समाधानावर काय परिणाम होतो हे आपल्या योजनेच्या उद्दिष्टांत पहिल्या क्रमांकावर असल्याने नोंद केली.

१४. आता त्या एकाविषयी. काल दुपारी मी अंतिम अहवाल परिशिष्टांसह वाचावयास घेतला. परिशिष्ट सहा इतक्या बारीक अक्षरांत आहे की मला माझे घड्याळाचे भिंग डोळ्याला लावावे लागले, निवृत्तीनंतर प्रथमच. पान ४१, तळटीप पुढीलप्रमाणे आहे, ती जशीच्या तशी उतरवतो :

‘मोजणीच्या पहिल्या दिवसापासून एक विसंगत नोंद आढळते. सकाळी १०.०५ च्या सुमारास खांब १४ खालून जाणारा, सुमारे १५२ सेंमी उंचीचा पादचारी खांब १९ खाली १०.१७ ला दिसतो. मधल्या बारा मिनिटांत त्याचा ठावठिकाणा लागत नाही. साठ मीटर अंतरास लागलेला हा वेळ मानवी चालण्याच्या वेगाशी जुळत नाही. सबब सदर नोंद यंत्रदोष समजून दररोज एक याप्रमाणे वगळण्यात आली आहे.’

महोदया, तो यंत्रदोष डांबर गल्ली क्र. ३ मध्ये राहतो.

मी चाळीस वर्षे यंत्रे दुरुस्त केली. घड्याळ चुकते आहे असे घेऊन येणाऱ्या दहांपैकी चार गिऱ्हाइकांचे घड्याळ बरोबर असे. त्यांनी ते नगरभवनाच्या घड्याळाशी ताडलेले असे. आपले यंत्र निर्दोष आहे. त्याने तिला रोज पाहिले, वेळेसह, उंचीसह, इमानाने. तिला वगळले ते नंतर, टेबलाशी बसलेल्या कोणी तरी.

मार्चमध्ये आठशे नव्याण्णव झाले होते. ती एक नोंद ठेवली असती तर नऊशे होत होते. नऊशे झाले असते तर आम्ही त्याच संध्याकाळी चिटोरी टाकून घरी गेलो असतो. ना गायक आले असते, ना ओले झगे, ना दोन हजार तीनशे दहा, ना आपली बारा मेची सूचना. प्रेबेन आणि टोवेबाई यांना मी हे काल सांगितले. प्रेबेन म्हणाले, “म्हणजे माझी फेरी पुरी होती.” टोवेबाईंनी त्यांच्यापुढे दालचिनीचे वळे सरकवले. त्यांच्याकडून ही क्षमायाचना समजली जाते.

१५. सबब आपणांस नम्र विनंती की,

(अ) आमच्या मंडळाने घातलेल्या सर्व फेऱ्या आपल्या आकड्यांतून वजा कराव्यात. तारीखवार यादी सोबत जोडली आहे. आम्ही खरे पादचारी नव्हतो. आम्हांला कुठेही जायचे नव्हते.

(आ) पान ४१ वरील एक नोंद परत घ्यावी. ती व्यक्ती खरोखर कुठे तरी जात असते, आणि मधे बाक असल्यामुळे पोचते.

(इ) अशा रीतीने आकडा पुन्हा सहाशेच्या घरात येऊन टप्पा ‘निष्क्रिय’ ठरेल हे मला दिसते आहे. तरी तो निर्णय घेण्यापूर्वी आपण एकदा, यंत्र न पाठवता, स्वतः यावे आणि दहा पाच ते दहा सतरा एवढा वेळ सदर बाकावर बसावे. मग बाक काढावासा वाटला तर मी हरकत मागे घेईन. जागा होईल, सरकावे लागेल इतकेच.

१६. तळटीपेचा मजकूर मी काल रात्रीच्या जेवणाआधी गुद्रुनला वाचून दाखवला. तिने बटाटे सोलता सोलता ऐकला.

“म्हणजे मी नव्हतेच?” तिने विचारले.

“आहेस. पण वगळलीय.”

“आणि ती बारा मिनिटं मी कुठे होते म्हणे?”

“ठावठिकाणा लागत नाही, असं लिहिलंय.”

तिने सुरी खाली ठेवली. “बाकावर होते म्हणावं.”

सदर निवेदन तिच्या वतीने, हरकतींच्या मुदतीत, नोंदवून घेण्यात यावे.

कळावे, आणि जमल्यास वळावे.

आपला नम्र व क्रमांक सदतीसची वाट पाहणारा,

(सही)
व्हिलाड्स ब्रोर्सेन
सभासद, विणकर रस्ता ये-जा मंडळ (१६ जूनपर्यंत)
डांबर गल्ली क्र. ३, व्हीडसुंड.
दिनांक : ९ जून २०२२

सोबत :
१) मंडळाच्या फेऱ्यांची तारीखवार यादी, प्रेबेन स्क्यूटे यांच्या हस्ताक्षरात.
२) अहवालाचे पान ४१, पेन्सिलीने गोल केलेले.
३) पिवळे जाकीट, एक. तिसऱ्या मजल्यावर परत द्यायचे आहे. आपण जातच असाल तर पोचवावे. पायऱ्या चौदा आहेत.
४) घड्याळाचे भिंग, एक. क्रमांक २ वाचण्यासाठी. परत करण्याची घाई नाही, टपालानेही पाठवू नये. रविवार सोडून कोणत्याही सकाळी, दहा पाचनंतर, बाकावर बसलेल्या बाईंकडे द्यावे. उंची एकशे बावन्न.